विधी सोडा, दिवस राखा

लग्नाला बोलावल्याशिवाय जाऊ नये आणि मयतीला बोलावण्याची वाट पाहू नये. हे कुणी शिकवत नाही, घरात वावरता वावरता अंगवळणी पडतं. ज्या भावकीशी बोलणं बंद आहे, बांधाच्या भांडणापायी ज्यांच्यासमोर कोर्टात तारखेला उभं राहायचं आहे, त्यांच्याही घरातलं माणूस गेलं की पायात चपला सरकवून निघायचं. खांदा द्यायचा, चितेवर लाकूड ठेवायचं, घरी येऊन आंघोळ करायची. दुसऱ्या दिवशी भांडण पुन्हा सुरू झालं तरी चालेल. पण त्या दिवशी जो गेला नाही त्याला गाव पुढं कित्येक वर्षं नावं ठेवतं.

इतका पक्का नियम आता सैल पडतो आहे. दहा-तेरा दिवसांचं कार्य तीन दिवसांवर आलं. निधनवार्तेखाली ‘कृपया भेटायला येऊ नये’ अशी विनंती छापलेली दिसते, नाहीतर एखाद्या सभागृहात तासाभराची प्रार्थनासभा होते. नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागते आणि त्यात आपली भर घातली की हजेरी लागल्यासारखं वाटतं. ‘रजा नाही’, ‘तिकीट नाही’, ‘आता जाऊन तरी काय, सगळं उरकलं असेल’ ही कारणं इतकी खरी असतात की सांगणाऱ्यावर रागावताही येत नाही.

या बदलातलं बरंचसं समजण्यासारखं आहे, काही तर स्वागतार्हही आहे. कर्ज काढून घातलेली तेराव्याची पंगत बंद झाली तर मला आनंदच होईल. पण विधी कमी करताना आपण त्यांच्या आडोशानं चालणारी एक मोठी गोष्ट मोडीत काढतो आहोत. ती म्हणजे माणसांचं येणं, थांबणं आणि एकत्र बसणं. माझं म्हणणं सरळ आहे. ज्यांना विधी सोडायचे आहेत त्यांनी खुशाल सोडावेत, पण दिवस सोडू नयेत. आणि त्या दिवसांत त्या दारापर्यंत पोहोचणं हा ज्याच्या-त्याच्या ऐपतीचा आणि साहेबाच्या मर्जीचा प्रश्न राहू नये, तो माणसाचा हक्क मानला जावा.

आधी हे दिवस कशासाठी आले ते पाहू. आपल्या हवेत देह फार काळ ठेवता येत नव्हता. माणूस गेलं की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या सकाळी, उचलावं लागे. सांगावा घेऊन गडी धावत जाई आणि जे चालत किंवा बैलगाडीनं पोहोचू शकतील ते पोहोचत. सोयरेही फार लांबचे नसत. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या नातेव्यवस्थेवरच्या ग्रंथात महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला प्रदेश असल्याचं दाखवलं. मामाची मुलगी करण्याची दक्षिणेकडची चाल आपल्याकडच्या अनेक जातींत आहे. त्यामुळे एकाच टापूतली घरं पिढ्यानपिढ्या एकमेकांशी जोडलेली राहिली. तरीही सगळ्यांना वेळेत येणं जमत नसे. म्हणून आणखी एक तारीख लागायची.

ही दुसरी तारीख जवळपास प्रत्येक समाजानं ठेवली आहे. हिंदूंचा दहावा आणि तेरावा, मुसलमानांची तिसऱ्या दिवसाची जियारत आणि चाळिसावा, वसई-गोव्याकडच्या ख्रिस्ती घरांतली सातव्या दिवसाची आणि महिन्याची मिसा, बौद्धांचा जलदानविधी आणि पुण्यानुमोदन. धर्म वेगळे, श्रद्धा वेगळ्या, आत्म्याबद्दलच्या कल्पना तर एकमेकींच्या विरुद्ध. पण व्यवहार एकच: पहिला दिवस देहासाठी, दुसरा लांबून येणाऱ्यांसाठी.

मुंबईच्या गिरण्यांनी या दुसऱ्या तारखेचं महत्त्व आणखी वाढवलं. कोकणातून, साताऱ्या-सांगलीकडून, घाटावरून माणसं लालबाग-परळला आली. एकेका खोलीत एकेका गावचे पंधरा-वीस गडी राहू लागले. गोव्याच्या माणसांनी धोबीतलाव-गिरगावात गावोगावचे कूड, म्हणजे गाववाल्यांचे सामाईक मुक्काम, उभारले. गावी कुणी गेलं की तार यायची. ‘सीरियस, लगेच निघा’ असा मजकूर असला तरी घरात सगळ्यांना खरं काय ते कळायचं आणि तार उघडण्याआधीच रडू फुटायचं. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली ती १९९८ मध्ये. त्याआधी सावंतवाडीकडच्या गिरणी कामगाराला वडिलांचं तोंड पाहायला मिळणं जवळपास अशक्यच होतं. तो पोहोचायचा तेव्हा राख सावडलेली असायची. त्याला बाप भेटायचा तो दहाव्याच्या घाटावर, इतरांच्या बोलण्यातून. पुढं जुलै २०१३ मध्ये तारसेवाही बंद झाली. आता बातमी क्षणात पोहोचते. माणूस मात्र अजूनही तितकाच लांब आहे, किंबहुना आणखी लांब गेला आहे.

माझे एक चुलते गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर अनेकांसारखे तेही गावी परतले आणि उरलेलं आयुष्य चार एकरांत राबले. घरात त्यांच्याबद्दल एक गोष्ट कायम दबक्या आवाजात बोलली जायची. त्यांनी काकूच्या सोन्याच्या पाटल्या मुंबईत उडवल्या. कशात, ते कुणाला ठाऊक नव्हतं. मुलं मोठी झाली तीही हेच ऐकत, आणि वडिलांविषयी त्यांच्या मनात एक अढी कायमची बसली.

चुलते गेले तेव्हा त्यांच्या गिरणीतल्या सोबत्यांना कळवायचं कुणाला सुचलंच नाही. चार-पाच दिवसांनी ट्रंकेतल्या जुन्या वहीत एक नंबर सापडला. त्यांच्या थोरल्या मुलानं कर्तव्य म्हणून फोन केला. दहाव्याच्या दिवशी सकाळी कृष्णेच्या घाटावर एक थकलेले गृहस्थ आले. रात्रभर एस.टी.नं प्रवास केलेला, खांद्याला पिशवी, एका हातात काठी. आमच्यातलं कुणीच त्यांना ओळखत नव्हतं. पिंड मांडून झाले होते, कावळ्याची वाट पाहत सगळे मागं सरून उभे होते. अशा वेळी हलक्या आवाजात बोलणं चालूच असतं. या गृहस्थांनी थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. संप लांबला तेव्हा खोलीचं भाडं थकलं, खानावळवालीचे पैसे तटले. खोलीतले निम्मे गडी गावी पळाले, पण ज्यांना गावी जमीन नव्हती ते कुठं जाणार? तेव्हा चुलत्यांनी गावाहून पाटल्या आणून गहाण टाकल्या. भाडं भरलं, खानावळ चुकती केली. त्या पाटल्या पुढं सुटल्या नाहीत. ‘त्या वक्ताला तुझ्या बापानं मला रस्त्यावर येऊ दिलं नाही,’ एवढं बोलून ते गप्प झाले.

थोरला खाली मान घालून उभा होता. घरी आल्यावर त्यानं आईला विचारलं. काकूला सगळं ठाऊक होतं. नवऱ्यानं ‘कुणाला सांगू नकोस, त्या लोकांना मान खाली घालावी लागेल’ असं बजावलं होतं, आणि तिनं ते पाळलं होतं. स्वतःच्या मुलांसमोरसुद्धा.

आता विचार करा. आम्ही तिसऱ्या दिवशी सगळं आटोपलं असतं तर? त्या वहीतला नंबर सापडेपर्यंत मांडव उतरलेला असता. फोनवर त्या गृहस्थांनी हळहळ व्यक्त केली असती, पण पाटल्यांची गोष्ट सांगितली नसती. असं बोलणं निरोपादाखल होत नाही. त्यासाठी घाटावर ताटकळत उभं राहावं लागतं, समोर त्या माणसाचा मुलगा मुंडण केलेल्या डोक्यानं दिसावा लागतो. माणसाचं आयुष्य एका घरात मावत नाही. मुलांना बाप माहीत असतो. गिरणीतला, तालमीतला, शाळेच्या बाकावरचा गडी त्यांना माहीत नसतो. तो ज्यांच्याजवळ आहे ती माणसं एका जागी आली तरच गेलेला माणूस पुरता कळतो. दिवसांचं पहिलं काम हे आहे, आणि ते कुठल्याही मंत्रानं होत नाही.

दुसरं काम समेटाचं. रुसवे-फुगवे सोडवायला माफी मागावी लागते, आणि ती मागणं फार थोड्यांना जमतं. मयतीला जाताना मात्र काहीच सांगावं लागत नाही. दहा वर्षं तोंड न पाहिलेला भाऊ दारात येतो, ओट्यावर बसतो, आतून पाण्याचा तांब्या येतो. कुणी ‘का आलास’ विचारत नाही. निघतानाही ‘येतो’ म्हणायचं नसतं, नुसतं उठायचं असतं. बोलणं न लागता परत येण्याची इतकी सोपी वाट आपल्या समाजात दुसरी नाही. ‘नुसतं तोंड दाखवायला आले होते’ असं आपण सहज म्हणून जातो. माझ्या मते तोंड दाखवणं ही फार मोठी गोष्ट आहे. मनात काय आहे हे न विचारता नुसत्या येण्याला किंमत देणारी ही रीत आहे, आणि म्हणूनच दुरावलेल्या माणसांना तिच्यातून वाट मिळते.

तिसरं काम रात्रींचं. घरात माणूस जातं तेव्हा पहिल्या आठवड्यातल्या रात्री सगळ्यांत कठीण असतात. त्या रात्री आत्या, मावशी, मामी, बहिणी दाटीवाटीनं अंथरुणं घालून झोपतात. कुणी तरी मध्येच उठून रडतं, कुणी तरी पाठीवर हात ठेवतं. शेजारच्या घरातून पिठलं-भाकरी येते, चूल पेटवण्याची काळजी नसते. तासाभराच्या प्रार्थनासभेत यातलं काहीच होत नाही. सभा संपली की विधवा बाई बंद फ्लॅटमध्ये एकटी परतते.

इथं कुणी म्हणेल की हे जुन्या रूढींचं समर्थन आहे. तसं ते नाही, आणि याचा पुरावा आपल्याच सुधारकांच्या इतिहासात आहे. २८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव फुले गेले. दत्तक मुलगा यशवंत याच्या अधिकाराला भाऊबंदांनी हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाई पुढं झाल्या, टिटवं स्वतःच्या हाती घेतलं आणि अग्नी दिला. त्यांनी परंपरेतला अन्याय मोडला. पण जमलेल्या माणसांना घरी पाठवलं नाही, उलट त्यांच्यादेखत तो मोडला. लोक जमले होते म्हणूनच त्या कृतीला अर्थ आला आणि शंभराहून अधिक वर्षांनंतरही आपण ती सांगतो.

याहून मोठा पुरावा दादरचा आहे. ६ डिसेंबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं दिल्लीत निधन झालं. विमानानं त्यांचा देह मुंबईत आणला गेला आणि ७ डिसेंबरला दादर चौपाटीवर बौद्ध पद्धतीनं अंत्यसंस्कार झाले. मिळेल त्या गाडीनं, मिळेल तशी, लाखो माणसं आली. यातल्या कितीजणांना रजा होती? कितीजणांची त्या दिवसाची मजुरी बुडाली? पण ती आली, आणि तिथंच भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून मोठ्या जनसमुदायानं धम्मदीक्षा घेतली. नागपूरची दीक्षा होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. ज्या समाजाला पोरकं झाल्यासारखं वाटत होतं, तो चितेपाशी जमून पुन्हा उभा राहिला.

बाबासाहेबांनी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. ती त्यांच्या अनुयायांनी पाळली. पण त्यांनी तारीख सोडली नाही. आजही दर ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून माणसं येतात, शिवाजी पार्कात मुक्काम करतात, पुस्तकांच्या दुकानांतून हिंडतात, पाच-दहा वर्षांनी गाववाल्यांना भेटतात. श्राद्ध नाही, पिंड नाही, कावळा नाही. पण दिवस आहे, आणि त्या दिवसाची ताकद कुणालाही दिसते. खेड्यापाड्यांतल्या बौद्ध घरांतही पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम बहुधा सोयीचा रविवार पाहून ठेवतात. वंदना होते, मग एकेक जण उठून गेलेल्या माणसाबद्दल बोलतो. विधी गाळून दिवस कसा राखायचा, हे ज्यांना शिकायचं आहे त्यांनी इथून शिकावं.

दिवसांवरचे आक्षेप मात्र नीट ऐकायला हवेत, कारण ते खरे आहेत. पहिला आक्षेप खर्चाचा. गावजेवणापायी घरं कर्जात गेली आहेत. त्यावर उपाय गावजेवण बंद करणं हा आहे, माणसं बंद करणं हा नव्हे. येणाऱ्यानं शिधा घेऊन यावं, पिठलं-भाकरीवर भागवावं.

दुसरा आक्षेप बायकांच्या कष्टांचा. तेरा दिवस घरातल्या सुना चहाची पातेली आणि उष्टी भांडी यांत अडकतात. ज्या मुलीचे वडील गेले तिला रडायला उसंत नसते, कारण ओट्यावर पुरुष बसलेले असतात आणि आत आधण ठेवलेलं असतं. ही गोष्ट लाजिरवाणी आहे. दुखवट्याच्या घरी पाण्याखेरीज काही घ्यायचं नाही हा नियम प्रत्येक पाहुण्यानं स्वतःपुरता करावा, आणि पुरुषांनी भांडी घासावीत. मुलींनी अग्नी देणं, घाटावर जाणं हे आता अनेक घरांत होतं. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीनं स्त्रियांना पौरोहित्य शिकवलं, अंत्यविधी मराठीत अर्थ सांगून करण्याची पद्धत आणली. म्हणजे दिवस राखूनही त्यांतला अन्याय काढता येतो.

तिसरा आक्षेप सगळ्यांत गंभीर आहे, आणि त्याबद्दल आपण फार कमी बोलतो. या दिवसांत बहिणी माहेरी जमलेल्या असतात. नेमकं त्याच वेळी कुणी तरी वडीलधारा विषय काढतो: ‘सगळ्या आलाच आहात, तर हक्कसोडीचं उरकून घेऊ.’ बापाच्या फोटोपुढं, भावजयीच्या देखत, कुठली बहीण नाही म्हणेल? २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानं समान वाटा दिला, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो आणखी स्पष्ट केला, आणि तेराव्याच्या चटईवर तो एका सहीनिशी जातो. वारसनोंदीसाठी जमीन महसूल कायद्यात तीन महिन्यांची मुदत आहे. तेरा दिवसांत सही घेण्याची गरज कुणालाच नसते, ज्याला वाटा गिळायचा आहे तो सोडून. दुखवट्याच्या घरात कागद काढायचा नाही, हा नियम गावांनी ग्रामसभेत ठराव करून पाळावा. ज्या मेळ्यात बहिणीला लुटलं जातं, त्याच्या पावित्र्याच्या गोष्टी करण्याचा आपल्याला अधिकार नाही.

चौथा आक्षेप नव्या काळाचा. आता अंत्यविधी मोबाइलवर थेट दिसतो, मग जायलाच हवं का? २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा आली, रेल्वे थांबल्या, जिल्ह्याबाहेर जायला पास लागू लागला. त्या काळात हजारो मुलांनी आईबापांना पडद्यावर निरोप दिला. दुसरं काहीच हातात नसताना तो पडदा हा मोठा आधार होता. अमेरिकेत व्हिसाच्या अडचणीत अडकलेल्या, ‘गेलो तर परत येता येईल का’ या भीतीनं थांबलेल्या मुलाला आजही तेवढंच उरतं. त्याला मी दोष देत नाही. पण कॅमेरा चितेकडे रोखलेला असतो. घाटाच्या पायऱ्यांवर मागं उभ्या असलेल्या गृहस्थांनी थोरल्याच्या खांद्यावर ठेवलेला हात त्यात दिसत नाही. त्या काळात दुरून निरोप दिलेल्यांना विचारा. त्यांच्या मनात सलतं ते विधी चुकल्याचं कमी आणि नंतर कुणाजवळ बसता आलं नाही याचं जास्त.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. जावंसं वाटणारी माणसं कमी झालेली नाहीत. जाता येणारी कमी झाली आहेत. रेल्वेचं तात्काळ आरक्षण गाडीच्या आदल्या दिवशी सकाळी उघडतं. मयतीची बातमी आली की निघायचं असतं त्याच रात्री. रेल्वेत इमर्जन्सी कोटा असतो, आणि तो देताना घरातलं मरण हे कारण विचारात घ्यायचं असं धोरणही आहे. पण ती जागा मिळते बहुधा त्याला, ज्याच्या हातात खासदाराचं, आमदाराचं किंवा अधिकाऱ्याचं पत्र असतं. चाकणच्या कारखान्यातल्या कंत्राटी पोरानं रात्री नऊ वाजता कुणाच्या दारात जायचं?

रजेचं चित्र आणखी वाईट आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात भरपगारी रजेसाठी पंधरा दिवस आधी लेखी अर्ज करण्याची अट होती. आजारपणासाठी त्या अटीतून सूट होती, मरणासाठी नव्हती. पंधरा दिवस आधी सांगून कुणाचे वडील जात नाहीत. या कायद्याच्या जागी संसदेनं २०२० मध्ये नवी संहिता मंजूर केली. तिच्यातही मयतीच्या रजेला स्वतंत्र जागा मिळाली नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ किरकोळ रजा आहेत. त्यातच ताप, मुलांची शाळा, बँकेची कामं आणि त्यातच बापाचं मरण बसवायचं. तेही कायदा लागू असलेल्या आस्थापनांत. घरकाम करणाऱ्या बाईला, रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला, डिलिव्हरीच्या पोराला तेवढंही नाही.

आणि ऊसतोड मजुराचं काय? बीडहून दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन नवरा-बायको कोल्हापूर-सांगलीकडे, कधी कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. कामावर न आलेल्या दिवसाचा खाडा लागतो, म्हणजे मजुरी तर बुडतेच, वर पैसे कापले जातात. फडात असताना गावाकडं सासू गेल्याचा फोन आला तर जोडीतलं एकच जण जातं, नाहीतर कुणीच जात नाही. ऊस तोडता तोडता बाई रडते आणि मोळी बांधते.

आपलं राज्य इतकं निष्ठुर आहे असंही नाही. महाराष्ट्रातल्या शिक्षा झालेल्या कैद्यालाही जवळचं माणूस गेलं तर आपत्कालीन पॅरोल मिळण्याची तरतूद नियमांत आहे. ती योग्यच आहे. गुन्हा केला म्हणून माणसाचं मूलपण संपत नाही, हे त्यामागचं तत्त्व आहे. मग ज्यानं काहीच गुन्हा केलेला नाही, फक्त श्रम विकले आहेत, त्याचं मूलपण नियमात कुठं आहे?

हे करता येतं, हे इतर देशांनी दाखवलं आहे. न्यूझीलंडच्या २००३ च्या रजा कायद्यात जवळच्या नातेवाइकाच्या मृत्यूसाठी तीन दिवसांची भरपगारी रजा आहे. ती रजा सलग घ्यायची सक्ती नाही. यादीबाहेरचं माणूस गेलं तरी एक दिवस मिळू शकतो. त्यासाठी नातं किती जवळचं होतं, तयारीची जबाबदारी कामगारावर आहे का, त्याच्या समाजाच्या रीती काय आहेत हे मालकानं पाहायचं असतं. ज्या देशात माओरी समाज तांगीहांगासाठी मृताभोवती कित्येक दिवस एकत्र राहतो, तिथल्या कायद्याला रीतीची ही जाण असावी यात नवल नाही. आपल्याकडं तर रीती त्याहून दाट आहेत. आपला कायदा मात्र त्यांच्याकडं पाहतच नाही.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक कामगाराला मयतीसाठी पाच दिवसांची भरपगारी रजा असावी. ती तोडून घेता यावी, दोन दिवस अंत्यविधीला आणि तीन पुढच्या कार्याला, महिन्याभरात कधीही. यादीत सासू-सासरे असावेत, मामा, मावशी, आत्या असावेत. बाईला माहेर आणि सासर दोन्हीकडचा हक्क असावा. माहेरचा भाऊ साडी घेऊन पोहोचल्याशिवाय ज्या समाजात सवाष्णीला उचलत नाहीत, तिथं त्या भावाला रजा नाकारणं हा त्या बाईचाही अपमान आहे. आणि पाचांपैकी एक दिवस नात्याबाहेरच्या माणसासाठी राखलेला असावा. मित्राला सुतक नाही, वारसाहक्क नाही, निधनवार्तेत नाव नाही. पण घाटावर येऊन खरं सांगतो तो बहुतेक वेळा तोच.

रेल्वेनं इमर्जन्सी कोट्यातल्या काही जागा पोलीस पाटलाच्या, सरपंचाच्या किंवा रुग्णालयाच्या साध्या दाखल्यावर स्टेशनातच द्याव्यात. साखर संघ आणि ऊसतोड संघटना यांच्यात मजुरीच्या दराचा करार होतो. त्यात घरातल्या मरणासाठी खाडा लावू नये हे कलम घालावं. घरात कामाला बाई ठेवणाऱ्या आपण सगळ्यांनी, कायदा होण्याची वाट न पाहता, तिला पगार न कापता जाऊ द्यावं आणि हातात गाडीभाडं ठेवावं. तिच्याकडं मरणाचा पुरावा मागू नये.

आपल्या घरातही काही बदल आजच करता येतील. तालुक्याच्या गावी आता शीतपेटी मिळते. मुलगी नागपूरहून निघाली असेल तर ती पोहोचेपर्यंत थांबायला हरकत नसते. मग ‘सूर्य मावळायच्या आत’ची घाई कशासाठी? दहावा-तेरावा करायचा नसेल तर नका करू, पण पंधरवड्यातला एक रविवार ठरवा आणि सगळ्यांना कळवा. आईबाप हयात असतानाच त्यांच्या मित्रांचे नंबर वेगळे लिहून ठेवा, म्हणजे ट्रंकेतली वही सापडण्यावर काही अवलंबून राहणार नाही. पाच माणसांना बोलायला सांगा आणि त्यातली दोन तरी घराबाहेरची असू द्या.

गेल्या दीडशे वर्षांत सुधारकांनी आपल्याला भटजींच्या दक्षिणेतून, गावजेवणाच्या कर्जातून, बाईला स्मशानात मज्जाव करणाऱ्या रूढीतून सोडवायला सुरुवात केली. ते काम अर्धंच झालं आहे. मोडायचं ते मोडलं, आता राखायचं ते राखण्याची पाळी आहे. ज्या समाजात गरिबाला बापाच्या मातीला पोहोचता येत नाही आणि श्रीमंताला पोहोचावंसं वाटत नाही, तिथं उद्या जिवंत माणसांसाठीही कुणी निघणार नाही. दुसऱ्याच्या दुःखाच्या दिवशी हातातलं काम टाकून निघण्याची सवय हीच समाजाची खरी बांधणी आहे. ती कायद्यानं वाचवावी लागली तरी वाचवली पाहिजे.